ब्रेकचे ठोके

३ फेब्रुवारी

आजपासून आमचं घर सोळा चाकांवर. ह्यांच्या जोडीदाराने गुडघ्यांपायी ट्रक सोडला आणि ती रिकामी सीट मी पटकावली. मालकाने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग माझं लायसन्स उलटसुलट करून पाहिलं. चौदा वर्षं शाळेची बस चालवली आहे मी. मागे साठ पोरं किंचाळत असताना जिचा हात हलला नाही, तिला पाठीमागे मुकाट बसलेल्या फरश्यांचं काय ओझं?

लेक गेल्या वर्षी सासरी गेली. घराला कुलूप लावताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण खरं सांगायचं तर मी जिना पळतच उतरले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि त्यात नवरा वाट्याला आला महिन्याचे चार दिवस, त्यातलेही दोन झोपलेला. आता रोज मिळणार. या वयात असं लिहायला लाज वाटते, पण मी फार खूश आहे.

सीटमागे एक अरुंद फळी आणि तिच्यावर गादी. एकाने चालवायचं, दुसऱ्याने झोपायचं, म्हणजे इथेही संसार पाळीपाळीनेच. मी फुलाफुलांचा पडदा शिवून आणला होता तो लावला. बाकीचे ड्रायव्हर हसतील म्हणून हे कुरकुरले आणि तासाभराने त्याच पडद्याआड घोरायला लागले.

ही वही ह्यांची. पुढच्या पानांवर गाडीच्या दुखण्यांची टिपणं आहेत, कधी काय तुटलं आणि कशाने चाललं. मागची कोरी पानं आजपासून माझी.

६ फेब्रुवारी

पहिलं दुखणं आलं. मागचा टायर फुटला. रबराचा पट्टा सुटून मडगार्ड फाडून गेला आणि रस्त्याकडेच्या पाटीत खोल रुतून बसला. तिथे कुणी उभं असतं तर धडावर डोकं राहिलं नसतं. हे मात्र चहा पिऊन आल्यासारखे शांत.

चाक बदलल्यावर ह्यांनी ब्रेकही ताणून घेतले आणि मला माझं काम शिकवलं. आमचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत हवा असली तरच सुटतात, हवा संपली की आपोआप आवळतात. ते ताणायला एकाने गाडीखाली जावं लागतं, आणि तेव्हा चाक मोकळं लागतं. म्हणून आधी चाकांपुढे लाकडी ठोकळे लावायचे, मग एक जण खाली, दुसरा केबिनमध्ये ब्रेकच्या बटणापाशी; ते दाबलं की ब्रेक सुटतो, ओढलं की आवळतो. इंजिनच्या घरघरीत खालची हाक वर येत नाही, म्हणून पान्याने ठोके द्यायचे. एक म्हणजे इंजिन बंद, दोन म्हणजे चालू, तीन म्हणजे ब्रेक सोड. या रस्त्यावरच्या सगळ्या जोड्यांची हीच भाषा आहे म्हणे. ठोका आला की विचार करत बसू नकोस, एवढं हे दोनदा बजावून खाली गेले.

तीन ठोके आले, मी बटण दाबलं, फुस्स करून हवा सुटली. पंचवीस वर्षांत मी ह्यांचं इतकं निमूट कधी ऐकलं नव्हतं. हे खालून काळेकुट्ट होऊन निघाले आणि मी पोट धरून हसले.

१० फेब्रुवारी

ट्रकतळावर निळ्या टँकरची जोडी भेटली. अठरा वर्षं दोघं एकत्र फिरतायत. तिला मी ताई म्हणायला लागले, म्हणजे ते आपोआप दाजी झाले. आंघोळीचा कुठला नळ स्वच्छ, कपडे केबिनच्या मागे कसे वाळवायचे, हे सगळं ताईने पाऊण तासात शिकवलं. दाजी माझ्या पडद्याला हसले, मग तसाच एक शिवून मागितला.

तिथून निघालो आणि वाटेत पंख्याचा पट्टा तुटला. हे फोन शोधतायत तोवर मागून एक पिवळी व्हॅन येऊन थांबली. फिरता मेकॅनिक. याच रस्त्यावर असतो, सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. पन्नाशीचा, मऊ बोलणारा. मला पहिल्या वाक्यातच वहिनी करून टाकलं.

काम चोख केलं. एकच गोष्ट मला खटकली. एक जाम झालेला नट तो हातोडीने सोडवत होता. नट सुटून खाली पडला, तरी हा त्या रिकाम्या जागी ठोकतच राहिला, दात आवळून, घाव घालावा तसा. वीस तरी वेळा. मग मी बघतेय हे त्याला कळलं आणि तो छान हसला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, कामाची माणसं जरा विक्षिप्तच असतात, तू मात्र शहाणी.

१५ फेब्रुवारी

आज लिहायला हात धजत नाही, पण पोटात ठेवलं तर झोप यायची नाही.

घाटाच्या उतारावर निळा टँकर उभा दिसला. हे आधी उतरले आणि मला मागे ढकलायला लागले, पण मी पाहिलंच. दाजी मागच्या चाकाशी पडले होते. कमरेखाली माणूस उरला नव्हता, रस्त्याला चिकटलेले कपडे होते. चेहरा मात्र धड होता, डोळे उघडे.

ताई कठड्याशी बसली होती. उजवा हात दगडावर ठेवून डाव्या हातातल्या पान्याने तो ठेचत होती. याच हाताने सोडला, याच हाताने, असं म्हणत होती. ह्यांनी आणि मी मिळून पाना काढून घेतला तेव्हा बोटांची हाडं बाहेर दिसत होती. तिला तीन ठोके ऐकू आले होते. तिने ब्रेक सोडला आणि टँकर दाजींवरून गेला. जाण्याआधी दाजी एवढंच बोलले की मी ठोकले नव्हते.

डॉक्टर तिथे आधीच पोचला होता. दाजींना खालून त्यानेच ओढून काढलं. ताई सांगत होती, देवासारखा धावून आला. त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि तो ते सावकाश, एकेक बोट करून पुसत होता.

१६ फेब्रुवारी

अर्ध्या वाटेत मी ह्यांना गाडी थांबवायला लावली आणि वांती केली. मग सांगून टाकलं की यापुढे तुम्ही खाली असताना मी बटणाला हात लावणार नाही.

ह्यांनी ऐकून घेतलं. ह्यांचं म्हणणं, वाऱ्याने एखादा पत्रा वाजला असेल आणि ताईला ते ठोके वाटले असतील. तीन काय, कशानेही वाजतात. म्हणून आमची खूण बदलली. तीन आले तर ढिम्म हलायचं नाही. ब्रेक सोडायचा तो पाच ठोक्यांवर. हे फक्त आम्हां दोघांना ठाऊक.

घाबरले की मी सगळं विसरते, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. ब्रेक सोड = पाच.

१८ फेब्रुवारी

हॉर्न बंद. ट्रकतळावर डॉक्टर होताच. आतली वायर बघायला तो केबिनमध्ये बसला, तेवढ्यात आम्ही दोघं पाणी भरून आलो. परतलो तर हॉर्न दुरुस्त आणि हा माझ्या सीटवर आरामात टेकलेला. वहिनी काय एवढं लिहितात, म्हणून त्याने ह्यांच्याजवळ चौकशी केली. ह्यांनी सांगितलं की तुमच्या भावाच्या, म्हणजे माझ्याच, तक्रारी. दोघं हसले.

मला हसू आलं नाही. दाजींना जाऊन तीन दिवस झाले नाहीत. ह्यांच्या मते मी उगाच मनात घेते.

संध्याकाळी ह्यांनी ब्रेक ताणून घेतले. पाच ठोके आले. ठणठणीत, एकसारखे. हे खालून निघाले आणि मी भर तळावर त्यांच्या गळ्यात पडले. लोक बघत होते, बघू देत.

२१ फेब्रुवारी, दुपारी बारा

उतारावर ब्रेक लागेनात. ह्यांनी गिअर पाडत पाडत कशीबशी गाडी कडेला घेतली. ब्रेक पार सैल झालेत, उभी गाडी तेवढी कशीबशी धरतात. तीनच दिवसांपूर्वी ताणले होते, मी स्वतः बटण सांभाळलं होतं. आजूबाजूला ना घर, ना माणूस.

पाच मिनिटांत पिवळी व्हॅन. हा गाडी बिघडायच्या आधीच निघतो की काय, असं म्हणत मी ह्यांच्या कानाशी लागले. ह्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. व्हॅन त्याने आमच्या पुढे लावली, दोन हातांवर. त्याचा फोन बंद पडलाय म्हणून माझा मागून नेला. त्याची पाठ धरलीय, तेव्हा खाली हे जाणार. ठोकळे ह्यांनी स्वतः लावले, लाथ मारून पाहिले.

मी सीटवर. इंजिन चालू. मनाला चाळा म्हणून वही मांडीवर घेतली आहे.

पाच. मोजले. नीट पाच. सोडते.

नंतर

मी दाबलं. मी दाबलं. मीच.

गाडी पुढे गेली. जायला नको होती, ठोकळे होते. खालून हे ओरडले. असा आवाज मी ह्यांचा कधी — लगेच बटण ओढलं. गाडी थांबली. त्यांच्यावरच थांबली.

आवाज ऐकू यावा म्हणून इंजिन बंद केलं. तिथेच चुकले. तेवढ्यात डॉक्टरने बॅटरीची वायर तोडली. आता गाडी चालू होत नाही, मागे घेता येत नाही.

आरशात दिसतं. मागचं चाक ह्यांच्या मांडीवर चढलंय. रक्त उताराने पुढे येतंय. एक हात बाहेर आहे, मुठीत पाना. आणि समोर, दोन्ही ठोकळे त्याच्या व्हॅनच्या टपावर, शेजारी शेजारी.

पाच कसे कळले त्याला? मी वही उलटी चाळली. माझ्या त्या मोठ्या अक्षरांवर काळा अंगठा उमटलाय. ग्रीसचा. मी लिहिलं म्हणून. मी लिहून ठेवलं म्हणून —

नंतर

दाराशी उभा राहून बोलला. तोच मऊ आवाज. म्हणाला, वहिनी, मी कुणाला हात लावत नाही, मी फक्त ठोकतो. ताईने स्वतः सोडला, तुम्हीही स्वतःच. आता अजून एकदा दाबा म्हणजे भाऊ सुटतील, मग मी तुम्हाला घरी पोचवतो.

मी थुंकले त्याच्यावर.

हातोडीने खिडकी फोडली. गजांतून हात आत घातला, माझे केस धरले, डोकं गजावर आपटलं. दोनदा. तीनदा. कडी चाचपत होता. चाक काढायची पहार हाताला लागली. घातली त्याच्या हातावर. पुन्हा. पुन्हा. हाड मोडल्याचं ऐकलं. दोन बोटं लोंबत होती. तो ओरडला नाही. बोटांकडे बघत राहिला आणि हसला.

माझ्या डोळ्यात रक्त येतंय. ओळी दिसत नाहीत नीट.

नंतर

पुढे गेला. बंपरवर चढलाय. पुढच्या काचेचं रबर कापतोय, सुरीने. सावकाश. काच अख्खी काढणार. काचेतून सांगितलं, आत आलो की तुमचाच हात धरून दाबतो.

मी बटणाला हात लावणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर आमची गाडी आणि त्याची व्हॅन यांच्या मधोमध असा खुशाल उभा आहे.

हवा गळतेय. हवेचा काटा उतरतोय. लाल रेघेवर आला की ब्रेक कायमचे आवळतील. बरं होईल. मग कुणीच दाबू शकणार नाही. ह्यांच्यावरून काही जाणार नाही. पण तो आत येईल. आणि ह्यांचं रक्त —

अहो, बोला ना काहीतरी.

ठोका. एक. दोन. तीन. चार.

पाच.

नाही, मी फसणार नाही आता, नाही —

पण त्याचे दोन्ही हात माझ्यासमोर आहेत. एकात सुरी. दुसरा काचेवर, रक्ताचा.

आरशात ह्यांचा हात हलला. पाना वर —

पुन्हा पाच. सावकाश. हे ठोकतायत. हेच.

मी ओरडले, नाही. अहो, चाक तुमच्यावर आहे. सोडला तर छातीवरून जाईल.

पाच.

माहीत आहे ह्यांना. सगळं माहीत आहे. तो कुठे उभा आहे तेही.

त्याने कापणं थांबवलं. तोही मोजतोय. हसू गेलं. वळून व्हॅनकडे बघतोय. एक पाय खाली —

काटा लाल रेघेशी.

पंचवीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. चहासुद्धा नाही. आणि आता हे. मला नाही जमणार. मला नाही —

पाच. शेवटचा लागलाच नाही नीट.

अहो, ऐकलं. ऐकलं मी. हात बटणावर आहे. डोळे मिटत नाही. तुम्ही आरशाकडे बघा, फक्त माझ्याकडे बघत रा