मान वर, डोळे काचेवर

प्रिय तोइवोमामा,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, पण खोडत नाही. फोनच केला असता, पण मला ओरडायचं आहे आणि तू त्यावर नुसता 'काय? मोठ्यानं बोल!' करत बसशील. चाळीस वर्षं करवतीशेजारी काढलेल्या कानांना भाचीचा राग कुठला ऐकू येणार! म्हणून नानाइमोच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय. समोर एक म्हातारा हिरवी जेली खातोय आणि प्रत्येक चमचा तोंडाजवळ नेऊन आधी संशयाने बघतोय. तेवढं तरी आम्ही बघितलं असतं. जाऊ दे, सरळ सांगते.

ऑनोरे जगेल. हे आधी लिहिते, कारण हिल्कामामी पत्र तुझ्या हातातून ओढून पहिल्यांदा तेच शोधेल. जगेल, पण कमरेखाली काही कळत नाही त्याला, आणि डॉक्टर 'बघू' म्हणतात तेव्हा खिडकीकडे बघतात. ऑनोरे म्हणजे माझा कामावरचा जोडीदार, पार पूर्वेच्या फ्रेंच मुलखातला, गास्पेकडचा, बावीस वर्षांचा. उन्हाळ्यात ज्याला मी तुमच्या बेटावर आणलं होतं आणि जो तुझ्या सॉनाच्या वाफेतून चार मिनिटांत बोंबलत बाहेर पळाला होता, तोच. तू हसून हसून बाकावरून पडायचा राहिला होतास. आमच्या लाकूडकंपनीचं म्हणणं असं, की चूक त्याचीच. त्याने वर बघितलं, धोका दिसत होता, तरी झाड कापलं. कागदावर तसंच छापलंय. तो कागद त्याच्या उशाशी ठेवून गेले, फुलांच्या शेजारी. फुलंही कंपनीचीच.

आणि तू त्यात आहेस, मामा. कसा ते तुला माहीत नसेल तर ऐक. माहीत असेल तर मग जास्तच नीट ऐक.

मला अकरावीतून काढलं (मी सोडली असं मी सगळ्यांना सांगते, तुला खरं माहीत आहे) त्या वर्षी तू मला सॉनामागच्या हेमलॉकच्या झाडाखाली बसवलं होतंस. करवत बंद. थर्मासातली कॉफी पार गार होईपर्यंत वर बघायला लावलंस. मग विचारलंस, मेलेल्या फांद्या किती? मी म्हटलं चार. तू म्हणालास, 'सात. आणि त्यातली एक या झाडाची नाहीच, शेजारच्याची तुटून इथे अडकलीय. आंधळे, तीच तुला मारणार.' मला तेव्हा वाटलं, हा म्हातारा मला कामाला लावायच्या ऐवजी आकाश दाखवतोय. मग मी चिडून विचारलं, आता कापू का? तू तोंडच फिरवलंस. 'मला काय विचारतेस? करवत कुणाच्या हातात आहे? दुसऱ्याला काप म्हणणारा माणूस एक तर मूर्ख असतो नाहीतर मुकादम.' आणि घरात जाऊन मामीचा वेलचीपाव खात बसलास. मी तासभर त्या झाडाखाली उभी होते आणि शेवटी कापलंच नाही. आत आले तेव्हा तू पावाचा कडेचा तुकडा माझ्याकडे सरकवलास. तुझ्याकडून मला मिळालेलं एकमेव प्रशस्तिपत्रक ते.

त्यानंतर मी काय काय केलं याची यादी मामीकडे आहे, ती नातेवाइकांना वाचून दाखवते. ओकानागनला चेरी तोडल्या, उत्तरेला रोपं लावली, मासे साफ केले, एका सर्कसवाल्याबरोबर तंबू बांधत अल्बर्टापर्यंत गेले. त्या सर्कशीतल्या उंटाची गोष्ट तुला सांगायची राहिलीय, फार पाजी उंट होता. पण आत्ता नाही. या वर्षी मार्चमध्ये जंगलात परत आले ते कंपनीच्या त्या नव्या हेल्मेटमुळेच. झाड पाडायला शिकायला पूर्वी किती महिने लागायचे आणि किती लोकांचे बूट उचलावे लागायचे! आता म्हणे तीन आठवडे. हेल्मेट शिकवतं. डोळ्यांपुढे काच, मानेमागे पट्टा, कानात आवाज. पहिल्या दिवशी ते डोक्यावर चढवलं आणि कानात तू बोललास.

मामा, मी रडले. खरंच रडले, सगळ्यांसमोर. तुझा आवाज होता तो, आपल्या भाषेच्या हेलासकट, 'आधी झाडाला एक फेरी मार, पोरी.' पोरांना 'पोरा' म्हणायचा, मला 'पोरी'. मला माहीत होतं की तू हिवाळ्यात चार दिवस कँपबेल रिव्हर गावात हॉटेलात राहून कंपनीसाठी काहीतरी वाचून, आवाज भरून आला होतास. मामी सांगत होती, न्याहारीला तीन प्रकारची अंडी होती आणि तू कंपनीचं जाकीट घालून झोपतोस. मला अभिमानच वाटला होता. मुकादम वेंडेल म्हणाला, 'तुझ्या मामाची चाळीस वर्षं आता दोनशे डोक्यांवर बसलीयत.' मी त्याला कॉफी पाजली या वाक्याबद्दल! गाढव मी.

आता ते यंत्र काय करतं ते सांगते, कारण तुला त्यांनी कधी डोक्यावर चढवून दाखवलं नसणार. झाडापाशी पोचलं की घड्याळ सुरू. फेरी मारली की काचेवर हिरवा ठिपका. झाड पडताना पळायची वाट साफ केली की हिरवा. वर बघितलं की हिरवा. तिन्ही हिरवे झाले की तू म्हणतोस, 'बघितलंस. काप.' आणि जेवणघरात मोठा पडदा, त्यावर सगळ्यांची नावं, कोण पहिला, कोण शेवटचा. कुणाचा वेळ झाडाखाली 'वाया' गेला त्याचं नाव लाल. तू या छावणीत असतास ना मामा, तर रोज संध्याकाळी तुझं नाव तळाशी लाल असतं, आणि तुझ्याच आवाजाने तुला घाई केली असती.

पण वर बघितलं हे यंत्राला कळतं कसं? डोळ्यांवरून नाही. मानेवरून. मान इतकी मागे गेली आणि तीन सेकंद तिथे राहिली की झालं. काचेच्या कोपऱ्यात आकडा येतो, तीन, दोन, एक. मग माणूस काय बघतो? तो आकडा बघतो. दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्या छावणीला सवय लागली होती. मान वर, डोळे काचेवर. सकाळी धुक्यात उतारावर बघितलं तर आम्ही पंधरा जण देवाची प्रार्थना करतोय असं वाटायचं, माना आकाशाकडे. एकालाही आकाश दिसत नव्हतं. कुणी थोडा जास्त वेळ बघत राहिला की बाकीचे चिडवायचे, 'काय रे, तारे मोजतोस का? पडद्यावर लाल होशील!' आळशी नव्हतो रे आम्ही. आम्ही परीक्षेत पास व्हायला शिकलो, आणि परीक्षा मानेची होती.

अजून एक. तुझ्या वेळी दर अर्ध्या तासाला जोडीदार जोडीदाराला हाक मारायचा. तुझी ती लांबलचक 'ओऽऽ' मी पाण्यापलीकडे बेटावर ऐकून ओळखायचे. आता हाक नाही. हेल्मेटलाच कळतं कोण कुठे आहे, कोण हलतोय, म्हणून हाक म्हणजे वेळ वाया. मी आणि ऑनोरे आधी मारायचो गंमत म्हणून, तो गाईसारखा हंबरायचा. मग वेंडेल म्हणाला, 'गुरं राखायची असतील तर गास्पेला जा.' बंद केलं.

त्या मंगळवारी मी उताराच्या खालच्या अंगाला होते. माझं झाड पडलं, मी पाचर उचलत होते, आणि कानात तू बोललास. अगदी शांतपणे, 'फेरी मार' म्हणतोस तितक्याच शांतपणे. 'पोरी, तुझा जोडीदार अकरा मिनिटं हललेला नाही.'

अकरा मिनिटं, मामा! मी वर धावले. तो तोंडघशी पडला होता, करवत बाजूला, आणि त्याच्या पाठीवर ती फांदी, मांडीएवढी जाड, वठलेली, साल गळालेली. तुम्ही जुने लाकूडतोडे जिला विधवाकरणी म्हणायचात, तीच. आणि ती त्याच्या झाडाची नव्हती. मी वर बघितलं, खरंखुरं वर, कितीतरी दिवसांनी, आणि शेजारच्या झाडावर ती तुटली होती तिथली पांढरी जागा दिसली. थर्मासभर कॉफी गार होईपर्यंत कुणी बसलं असतं तर शेंबड्या पोरालाही दिसली असती. त्याच्या काचेवर तिन्ही ठिपके अजून हिरवे होते.

मी ते हेल्मेट उचलून दगडावर आपटलं. ते फुटलं नाही. चांगलं बनवलंय.

चार दिवसांनी वेंडेल आला, मला बाहेर घेऊन गेला, म्हणाला, 'हे बघ आयला, नोंद स्पष्ट आहे गं. पोरानं वर बघितलं, पूर्ण तीन सेकंद. यंत्राला खोटं बोलायचं कारण काय?' मी म्हटलं, यंत्राला नाही, तुला आहे. तर म्हणाला, 'तू आधी शांत हो.' शांत! मला आयुष्यात ज्या ज्या माणसाने शांत हो म्हटलं त्याला माझ्याकडून काहीतरी दडवायचं होतं. शाळेच्या मुख्याध्यापकापासून त्या उंटवाल्यापर्यंत. गुरुवारी चौकशी आहे, कँपबेल रिव्हरला. तिथे ठरलं की ऑनोरेने डोळ्यांनी बघून, समजून कापलं, तर विषय संपला. चौकशीपुरती उतरवलेली दोनशे हेल्मेटं सोमवारी पुन्हा डोक्यांवर. आणि ऑनोरे जन्मभर लोकांना सांगत बसणार की माझी चूक झाली. तो आत्ताच सांगायला लागलाय. काल नर्सला सॉरी म्हणत होता.

त्याची आई आलीय, सोलांज. तीन विमानं बदलून. तिला फ्रेंचशिवाय काही येत नाही आणि मला फ्रेंचमध्ये फक्त शिव्या येतात, ऑनोरेने शिकवलेल्या. एक नर्स मधे उभी राहून सांगते. सोलांज रडत नाही. ती त्याच्या पायांना तेल लावते, रोज, जणू ते दमून आलेत. काल तिने मला विचारलं, तो म्हातारा कुठे राहतो? मला आधी कळेना. मग नर्स म्हणाली, मुलगा शुद्धीवर आल्यापासून एकच सांगतोय, म्हाताऱ्याने म्हटलं, बघितलंस. आम्ही सगळे हेल्मेटातल्या तुझ्या आवाजाला म्हातारा म्हणायचो, लाडाने. सोलांजला वाटतंय की तिथे कुणीतरी खरा म्हातारा उभा होता, ज्याला जंगल कळतं, आणि त्याने तिच्या मुलाला काप म्हणून सांगितलं. तिला त्याच्याशी बोलायचंय. मी काय सांगणार होते? की तो बेटावर सॉइंतुलाला राहतो, त्याला ऐकू कमी येतं, आणि तो माझा मामा आहे? मी कॉफी आणते म्हणून खाली आले आणि तुला लिहायला बसले.

आता जे लिहायचं ते. मानेची ती युक्ती मी काढली. दुसऱ्याच दिवशी. पडद्यावर पहिली होते मी, सलग नऊ दिवस, आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी पहिली. आणि ऑनोरेचं नाव लाल व्हायला लागलं, कारण तो बिचारा खरंच वर बघत बसायचा, तेव्हा मी त्याला न्याहारीला समजावलं, अरे वेड्या, मान टाक मागे आणि आकडा बघ. तो म्हणाला, पण मग फांद्या कोण बघणार? मी म्हटलं, म्हातारा बघतोय की. गुरुवारी मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, सोलांजसमोरसुद्धा, आणि नर्सला सांगणार आहे की एक शब्द गाळू नकोस. पण माझं एकटीचं सांगणं पुरणार नाही. शाळेतून काढलेली, दहा नोकऱ्या बदललेली पोरगी. वेंडेल एका मिनिटात माझा भुगा करेल. ते तिथे ती नोंद वाजवणार आहेत, मामा. भरल्या खोलीत तुझा आवाज म्हणणार, 'बघितलंस. काप.' ज्या माणसाने मला कधी 'काप' म्हटलं नाही त्याचा. मला माहीत नाही, तो शब्द त्या हॉटेलात तू कागदावरून वाचलास, की तुझ्या इतर शब्दांचे तुकडे जोडून त्यांनी तो घडवला. हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. वाचला नसशील तर येऊन सांग. वाचला असशील, अंडी खाऊन, जाकीट घालून, काही न कळता वाचला असशील, तर तेही येऊन सांग. मी तुझ्यावर ओरडेन, मग तुझ्या शेजारी बसेन. गुरुवारी पहिल्या बोटीने ये, पलीकडच्या धक्क्यावर मी गाडी घेऊन उभी असेन. तू आला नाहीस तरी तुझा आवाज तिथे साक्ष देणारच आहे, आणि तो त्यांच्या बाजूने देईल.

रागावलेली, तरी तुझीच,
आयला