परत आलेल्या मासळीची बादली

मी, खाली सही करणारी, नदीच्या धक्क्यावर सगळ्यांना 'टाकीवाली' म्हणून ठाऊक असलेली विधवा बाई, लेखी नमूद करते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत आणि फुप्फुसे तर मुळीच नाहीत, पण कायद्याला फक्त डोके लागते असे वकीलसाहेबांनी सांगितले. हे लिहिताना कोणी माझा हात धरलेला नाही, धाक दाखवलेला नाही, की गोड बोलून मला गळाला लावलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे दुसरे करायला सवड मिळेल असे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून दिसत नाही.

हे करण्याचे कारण एकच. माझ्यामागे माझ्या धाकट्या सुनेला या घरातून कोणी बाहेर काढू नये. थोरला मुलगा काढणार, हे तो स्वतःच मला सांगून गेला आहे. मागच्या खेपेला खाटेशी बसून म्हणाला, "आई, तू गेल्यावर हे सगळं विकून टाकू. ती जाईल माहेरी. तिच्या पायगुणाने आपलं कमी वाटोळं झालंय का?" मी त्या वेळी खोकत होते. त्याने तोच माझा होकार धरला.

वकीलसाहेबांचे म्हणणे, पोटच्या मुलाला घर द्यायचे नसेल तर कारण लिहा, नाहीतर तो उद्या म्हातारीला भ्रम झाला होता म्हणेल. तेव्हा कारण लिहिते. ते जरा लांबेल. वकीलसाहेब म्हणतात इतके सविस्तर नको, पण मरणार मी आहे, ते नाहीत.

१. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे पत्र्याने झाकलेले अंगण. ही मिळकत वडिलोपार्जित नाही. ती माझ्या यजमानांनी माझ्या नावावर घेतली आणि मी मासळी विकून तिचे हप्ते फेडले. हे सर्व मी माझ्या धाकट्या सुनेला, म्हणजे माझ्या मयत धाकट्या मुलाच्या पत्नीला, पूर्ण मालकीने देते. तिने ते ठेवावे, विकावे, की भिंती पाडून नाचावे, तिची मर्जी.

२. टाक्या. मोठी सिमेंटची टाकी, तिच्या शेजारची लहान टाकी, पाणी मुरवायची पिंपे, हवेचे पंप, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, बादल्या आणि मऊ धाग्याच्या हातजाळ्या, हेही सर्व तिलाच. या टाक्यांत आम्ही बारकी मासळी जिवंत ठेवतो आणि मोठा मासा धरायला होडीतून जाणाऱ्यांना आमिष म्हणून विकतो. मेलेले आमिष मोठा मासा हुंगतसुद्धा नाही. म्हणजे आमचा धंदा हा, की जे मरायलाच चालले आहे ते तोवर ठणठणीत ठेवायचे. ऐकायला बरे वाटत नाही, पण आम्ही त्यावरच जेवलो.

तिला हे काम शिकवायची गरज नाही. पण ती एखाद्या दिवशी आजारी पडली आणि दुसऱ्या कोणाला बघावे लागले तर, म्हणून लिहिते. नळाचे पाणी सरळ टाकीत सोडू नये. पिंपात उघडे ठेवून त्याचा औषधाचा वास जाऊ द्यावा. पाणी सगळे एकदम बदलू नये, थोडे काढावे, थोडे घालावे. पंपातला स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळावा, साबणाला आसपास फिरकू देऊ नये. मासा कोरड्या हाताने धरू नये, त्याचे खवले निघतात आणि तिथे कापसासारखी बुरशी धरते. होडीवर जाणाऱ्या मासळीला आदल्या दिवशी उपाशी ठेवावे, म्हणजे बादलीतले पाणी घाण होत नाही. खायला इतर दिवशीही चिमूटभरच द्यावे. मासे उपासाने मरत नाहीत, लाडाने मरतात. मेलेला मासा दिसता क्षणी काढावा. आणि दाटी करू नये. दहाजण जिथे सुखाने राहतात तिथे वीस कोंबले की सगळेच वर येऊन आ वासतात. ही गोष्ट घरालाही लागू आहे.

लहान टाकी परत आलेल्या मासळीसाठी आहे. होडीवाले फेरीहून आले की उरलेले आमिष आणून देतात. ते उन्हात तापलेले असते, एकमेकांवर घासलेले असते, कुठल्या कुठल्या पाण्याचा रोग घेऊन आलेले असते. ते लहान टाकीतच ठेवायचे, आठवडाभर बघायचे आणि धडधाकट निघाले तरच मोठ्या टाकीत घ्यायचे. हा या घरातला पहिला नियम होता. माझ्या यजमानांनी मला लग्नानंतर स्वयंपाकघर दाखवण्याआधी ती लहान टाकी दाखवली होती.

३. शेजारच्या शिंप्याला माझ्याकडून काही नाही. पंपाच्या घरघरीने झोप येत नाही म्हणून त्याने आमच्याविरुद्ध इतके अर्ज केले की तेवढ्या कागदात त्याची मापे कायमची लिहून झाली असती. त्याच्या मशीनची खडखड मी जन्मभर ऐकली आणि एक अर्ज केला नाही. माझे प्रेत नेताना त्याने दार लावून घेतले तरी चालेल.

४. थोरल्या सुनेला माझ्या सोन्याच्या बांगड्या. तिचे माझे कधी जमले नाही, पण तिचा यात काडीचा दोष नाही. तिने त्या मोडू नयेत असे वाटते. मोडल्या तर मला कळणार नाही.

५. आता कारण.

माझ्या थोरल्या मुलाला मासळीचा वास लहानपणापासून सहन होत नसे. तो शिकला, मोठ्या शहरात नोकरीला लागला, चांगले झाले. वर्षातून एकदा सुटीत येई. धाकटा गेला त्या वर्षीही आला होता, एकटाच आणि जरा जास्त दिवस. धाकटा आणि त्याची बायको टाक्या बघत होते आणि थोरल्याला बसून कंटाळा आला होता. एका दुपारी धाकटी बाजारात गेली होती, मी आत लवंडले होते, धाकटा धक्क्यावर होता. होडीवाला परत आलेल्या मासळीची बादली घेऊन मागच्या दाराशी आला.

पुढे काही दिवसांनी मोठ्या टाकीतली मासळी भिंतीला अंग घासू लागली. मग अंगावर पांढरे ठिपके आले, मग ती बुडबुड्यांपाशी गर्दी करून तोंडे वर काढू लागली. रोज सकाळी धाकटा मेलेले मासे बादलीने काढायचा. सगळी टाकी गेली. त्या मेलेल्यांत त्याला ओठ फाटलेले मासे सापडले. आमच्या टाकीतल्या माशाचा ओठ फाटायचे कारण नाही. गळाला एकदा लागून परत आलेल्याचाच ओठ फाटतो.

रात्रीच्या जेवणाला आम्ही चौघे बसलो होतो. धाकट्याने ताटावरून मान वर करून विचारले, "परत आलेली बादली मोठ्या टाकीत कोणी ओतली?"

माझी धाकटी सून म्हणाली, "मी ओतली."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तू? तुला माहीत नाही?" तो ताटावरून उठला. थोरल्याने आमटीत भात कालवला आणि जेवण संपवले.

धाकट्याने सुटीच्या दिवशीच्या होड्यांना मासळी द्यायचा शब्द दिला होता आणि टाकी रिकामी होती. नदीला पाणी चढले होते, तरी पहाटे तो जाळे घेऊन बंधाऱ्याखाली बारकी मासळी धरायला गेला. जाताना बायकोशी बोलला नाही. मी चहा पुढे केला तो उभ्यानेच प्यायला. संध्याकाळी त्याला खालच्या वळणावर काढले. पायाला जाळे गुंडाळलेले होते.

त्यानंतर लोक बोलायचे ते बोलले. हिने हलगर्जी केली, टाकी मारली, नवरा मारला, पांढऱ्या पायाची आहे. थोरला सर्वांत मोठ्याने बोलला. आलेल्या प्रत्येकाला दारात उभा राहून सांगायचा, "हिच्या एका बादलीपायी माझा भाऊ गेला." ती आत भांडी घासत ऐकायची. मीही ऐकायचे. मी तिला तोंडाने कधी बोल लावला नाही. मनात काय होते त्याचे मी आणि ती बघून घेऊ, ते कोर्टात वाचायला नाही.

तो होडीवाला त्या हंगामानंतर दुसऱ्या घाटावर गेला होता. यंदा परत आला. मी आजारी आहे ऐकून भेटायला आला, धाकटीचे नाव निघाले आणि लोक काय म्हणतात ते मी सांगितले. तो चमकला. "काकू, ती कुठे होती तेव्हा? बादली मी तुमच्या थोरल्याच्या हातात दिली. म्हटलं, ही वेगळी ठेवायची हं. तो म्हणाला, मासे ते मासे, त्यांना काय आपला-परका कळतो? माझ्यासमोर मोठ्या टाकीत उपडी केली. मला वाटलं, घरचा माणूस आहे, काढून घ्याल तुम्ही लोक."

तो गेल्यावर मी धाकटीला हाक मारली. ती हातजाळी विसळत होती.

"तुला माहीत होतं?"

"होतं. मी बाजारातून आले तेव्हा भाऊजी हात पुसत होते. म्हणाले, तुझं काम वाचवलं. मी धावत गेले, पण पाण्यात एकदा मिसळल्यावर कुठला मासा कुठला, कसं कळणार?"

"मग मी ओतली असं का म्हणालीस?"

"दोघे भाऊ वर्षातून चार दिवस एकत्र जेवतात, म्हटलं त्यांच्यात नको. मला बोलतील, बोलू दे. नवरा-बायकोचं भांडण काय, सकाळपर्यंत मिटतं."

मी विचारले, "आणि नंतर? इतकी वर्षं?"

ती जाळी पिळत म्हणाली, "नंतर तुम्हाला एकच मुलगा उरला होता, आई."

मी हे लिहिणार आहे असे कळल्यावर तिने माझे पाय धरले. म्हणाली, घर नको, पण हे लिहू नका. तिचे ऐकले असते तर घर थोरल्याला गेले असते आणि ती रस्त्यावर. तेव्हा ऐकलेले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी या घरात एकदा झाली तेवढी पुरे.

६. थोरल्या मुला, हे कलम तुला उद्देशून आहे. बादली ओतलीस त्याबद्दल माझा तुझ्यावर राग नाही. तू मदत करायला गेलास आणि चुकलास. नदीने भावाला नेले, तू नाही. पण ताटावर बसून गप्प राहिलास आणि दारात उभा राहून तिला बोललास, ती चूक नव्हे. ते तुला कळत होते. माझा धाकटा आपल्या बायकोवर रागावलेला मेला, हे मला गिळता येत नाही. आपला तो बाब्या म्हणून मी पुष्कळ पोटात घातले. हे पोटात राहत नाही. तरी तू माझा मुलगा आहेस आणि तुझी आठवण आली की अजून मला भरून येते, हेही लिहून ठेवते.

बँकेतली माझी ठेव तुला मिळेल, पण एका अटीवर. सुटीच्या दिवशी सकाळी, होड्या सुटायच्या वेळी, धक्क्यावर माणसे असताना, तू धाकटीसमोर उभा राहून मोठ्याने म्हणायचे: "बादली मी ओतली होती. ही खोटं बोलली ती माझ्यासाठी." एवढेच. रडायची, पाया पडायची गरज नाही. मी गेल्यापासून वर्षाच्या आत हे झाले नाही तर ठेवही तिची. झाले की नाही हे होडीवाला वकीलसाहेबांना सांगेल, आणि त्याचा शब्द अखेरचा समजावा.

तू तोंड उघडशील आणि ती मध्येच म्हणेल, "राहू द्या, भाऊजी." ती म्हणणारच, मी तिला ओळखते. तिने थांबवले म्हणून थांबू नये. वाक्य पूर्ण करावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

सही : टाकीवाली

साक्षीदार पहिला : डॉक्टर. सही त्यांच्यासमोर केली. बाई शुद्धीवर होत्या, असे त्यांनी पाहिले.

साक्षीदार दुसरा : होडीवाला. कलम पाच त्याला वाचून दाखवले. खरे आहे म्हणाला, आणि मग सही केली.

ठिकाण : मागचे अंगण. दिनांक : वकीलसाहेबांच्या शिक्क्यावर आहे तोच, वार मंगळवार. धाकटी टाकीत पाणी घालते आहे. तिला अजून दाखवलेले नाही.