सात दहाची नोंद

काका,

चौकशीत मी सांगितलं की वहीत काही लिहिलेलंच नव्हतं. ते खोटं होतं. बाबांना अक्षरओळख नाही, म्हणून रेल्वे फाटकाची वही मीच भरायची, तीही वेळापत्रक बघून आदल्या दिवशीच: ‘सात दहा, गाडी गेली.’ बाबा म्हणायचे, “आमची पोरगी गाडीच्याही पुढे धावते!”

त्या दिवशी गाडी उशिरा आली. बाबा रजेवर होते; त्यांच्या जागी आलेल्या तुम्ही माझी नोंद वाचून फाटक उघडलंत आणि दूधवाल्याचा पाय गेला. मग मी ते पान फाडून लपवलं. निलंबित होऊनही तुम्ही मला म्हणालात, “तू शीक गं, पोरी.”

हे पत्र पाठवायचा धीर नाही. बाबांची नोकरी गेली तरी सोमवारी, चौदा तारखेला, ते पान मी चौकशीच्या साहेबांच्या हातात देईन.

तुमची,
फाटकावरची पोरगी