इथं नाव विचारत नाहीत

३ फेब्रुवारी
आणि परत इंजिन! सहा वर्षं झाली, थोरल्या भावाचं, आर्गोचं, तेच दळण. फोन उचलला की सुरू — "त्या दिवशी धक्क्यावर तूही होतास ना रे?" होतो. बाबांच्या बोटीत डिझेलऐवजी पेट्रोल ओतलं ते मीच. इंजिन कायमचं गेलं. बाबांनी विचारलं, मी थोरल्याचं नाव घेतलं. झालं. तेव्हापासून बाबा त्याला सुकाणूला हात लावू देत नाहीत. तो तिकडे आमच्या सारेमा बेटावर लाकडाच्या गिरणीवर फळ्या कापतो. मी काय करू? नववीतून शाळा सोडलेला मी, इथं गोथेनबर्गमध्ये पदवीवाल्यांच्या रांगेत बसून कोड लिहितो. जळतो तो माझ्यावर.

२० मार्च
सोल्वेगनं कोड परत पाठवला. एकतीस शेरे! टीमची प्रमुख म्हणे. एक शेरा असा — "हे चालतंय. पण का चालतंय ते लिही." चालतंय ना? मग!

११ जून
सव्वीस शेरे. बाईला उन्हाळाही मानवत नाही.

१३ नोव्हेंबर
मेलो. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक चाचणीची, एक खरी. पुसायचं होतं चाचणीतलं, पुसलं खऱ्यातलं. दातांच्या चाळीस दवाखान्यांतल्या सगळ्या पेशंटच्या वेळा गायब! जुन्या प्रतीवरून परत भरायला सहा तास गेले.

उद्या त्यावर बैठक. डिसेंबरात माझा करार संपतोय. शेजारचा हेनिंग बडबड्या आहे, सारखा माझ्या खुर्चीत येऊन बसतो. सांगेन, त्यानंच केलं.

१४ नोव्हेंबर
यांची रीत — कुणी केलं हे विचारायचंच नाही. दोन्ही खिडक्यांचा रंग सारखा का, पुसणं एवढं सोपं का, यावर दीड तास! हेनिंगचं नाव जिभेवर धरून बसलो होतो. कुणी मागितलंच नाही.

बाहेर पडलो तर हेनिंगनंच दालचिनीचा पाव हातात ठेवला. "खा. गेल्या वर्षी मी याहून मोठा गोंधळ घातला होता."

पाव खिशात कोंबला. ओरडा तरी! आमच्याकडे एक थोबाडीत बसते आणि विषय मिटतो.

१५ नोव्हेंबर
मिटत नाही. थोबाडीत आर्गोला बसली होती.

५ डिसेंबर
वर्षाचा फॉर्म. 'या वर्षात तुझी काय वाढ झाली?' लिहिलं, चार किलो. सोल्वेगनं फॉर्म परत दिला — शेरा एकच, "खरं लिही."

मग लिहिलं. तेरा तारखेचं मी केलं. खाली नावही घातलं. तिनं तेवढं नाव खोडलं. म्हणाली, "ते आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. हेनिंगलाही."

हेनिंगलाही! आणि तरी पाव!

करार वर्षभर वाढवला. खूश व्हायला हवं होतं. चिडूनच घरी आलो. जिथं सगळ्यांना माहीत आहे तिथं कबूल करून काय मोठा तीर मारला मी?

१९ डिसेंबर
बाबांना फोन लावायला धीर झाला नाही. बँकेतून पैसे पाठवताना पानावर निरोपाची जागा असते, एका ओळीची. तिथं लिहिलं — पेट्रोल मी ओतलं, आर्गोनं नाही, इंजिन घ्या, सुकाणू त्याला द्या.

अठ्ठावीस हजार क्रोनर.