कापून टाकलेले श्वास

ता. ४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, मास्तरीणबाईंस आणि चिमणीस,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

ज्या घरातलं माणूस ‘बरं झालं’ म्हणून हॉस्पिटलातून परत आलं आणि बरं झालंच नाही, अशा घरांसाठी हे पत्र आहे. म्हणजे माझ्या आणि तुमच्या. आपली तक्रार एकच आहे. आपलं दुखणं कुठल्या रिपोर्टात दिसत नाही, म्हणून ते नाहीच, असं जगाने परस्पर ठरवून टाकलंय. मला करोना होऊन गेल्याला हा तिसरा हिवाळा. अजून केस विंचरले की हात भरून येतात आणि मला आडवं व्हावं लागतं. शेजारीण परवा म्हणाली, जरा मनावर घ्या, चालायला लागा. कामगारांच्या सभांतून तास-तास बोललेली बाई मी, मनाची मला कधीच कमतरता नव्हती. शरीर हुकूम ऐकत नाही, त्याला मन काय करणार? फोनच्या पडद्याकडे बघितलं की डोकं फुटायला येतं, म्हणून हे पत्राचं जुनं खूळ. लोळून, तुकड्या-तुकड्याने लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

चिमणीलाही गेल्या वर्षी झाला होता आणि नंतर महिनाभर ती कठडा धरून जिना चढत होती, हे विसरू नका. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, पुन्हा होऊ देऊ नका, दर वेळी शरीर आणखी थोडं देणं लागतं. म्हणून सोबत हवा गाळायचं यंत्र आणि चांगल्या मास्कांचा खोका पाठवतेय. यंत्र घरात नाही, स्टुडिओत ठेव. ती तुझी काचेची खोली, बूथ म्हणतोस ती, मला रात्रंदिवस दिसते. खिडकी नाही, भिंतींना स्पंज, दाराला रबर. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तू जे जे केलंस, त्याने आतली हवाही बाहेर जात नाही. त्यात सकाळपासून एकामागून एक माणूस येऊन मोठ्याने वाचतो. अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून ठेवता, काम पुण्याचं आहे. पण पुण्याने हवा गाळली जात नाही.

आपण पाणी गाळून पितो, उकळून पितो. त्याबद्दल कुणी कुणाला भित्रा म्हणत नाही. हवा मात्र जशी मिळेल तशी, दहा जणांच्या छातीतून आलेली, तोंड वासून घ्यायची आणि वर त्याला धाडस म्हणायचं. मला हे धाडस परवडलं नाही. चिमणीला तर नाहीच परवडणार.

माझ्यावरची माया आहे तशी ठेव आणि यंत्राची वायर प्लगमध्ये ठेव.

आक्का

ता. १५ नोव्हेंबर

ति. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचताना असं वाटलं की तू टेबलावर उभी आहेस आणि आम्ही सतरंजीवर. लहानपणी तुला भोंगा म्हणायचो ते उगाच नाही. आजारी पडून भोंग्याचा आवाज कमी झाला असेल, धार गेलेली नाही.

यंत्र आलं, बूथच्या कोपऱ्यात बसवलं. आम्ही त्याचं नाव जावईबापू ठेवलंय. कोपऱ्यात बसून घुरघुरतात आणि हलवायची कुणाची टाप नाही. एकच अडचण आहे, रागावू नकोस. माइक फार तिखट कानाचा, मुंगी चालली तरी ऐकतो. त्यात जावईबापूंची घुरघुर येते. म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना ते बंद आणि मधल्या वेळात चालू. मास्क सगळे दारापर्यंत लावतात. आत लावून वाचलं तर शब्द तोंडात गोधडी कोंबल्यासारखे येतात, त्याला माझा इलाज नाही. आमचे वकीलसाहेब, ते भारदस्त आवाजाचे रिटायर्ड गृहस्थ, मास्क बघून म्हणाले की उभ्या जन्मात तोंड बंद ठेवलं नाही, आता पेन्शनीत कशाला ठेवू. आमच्या घरच्या मास्तरीणबाई मात्र शाळेत लावून जातात. मुलं हसतात आणि त्या हसणाऱ्याला फळ्यापाशी बोलावतात.

चिमणीची बातमी आनंदाची आहे. सातशे पानांची कादंबरी तिच्याकडे आहे, आता शेवटाकडे आली. आवाज काय लागलाय पोरीचा. मला फक्त काम वाढलंय. हल्ली तिचे श्वास जास्त येतात. तुला माहीत नसेल, श्वास काढून टाकणं ही आमच्या धंद्यातली खरी कारागिरी. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, शब्दांचे डोंगर आणि मधे श्वासाची छोटी टेकडी. टेकडी पकडायची आणि पुसायची. पहिली प्रकरणं एकेका चहात साफ व्हायची, आता एकेका प्रकरणाला अख्खी संध्याकाळ जाते. तिला म्हटलं, चिमणे, वाचतेस की पोहतेस? हसली. पण तयार झालेलं ऐकशील तर थक्क होशील. ऐकणाऱ्याला वाटावं, ही मुलगी श्वास घेतच नाही.

तब्येतीला जप. आमच्यावर रागव, पण कमी शब्दांत, तुला दम लागतो.

तुझा धाकटा

ता. २४ नोव्हेंबर

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना कळू देऊ नकोस. तुला माझी शपथ आहे, आणि तू शपथा मानत नाहीस हे माहीत असूनही घालतेय.

तुला सुरुवातीला कसं व्हायचं ते मला खरं सांग. मी सकाळी उठते तेव्हाच दिवस संपल्यासारखा वाटतो. स्टुडिओच्या जिन्यात मी मधेच पायरीवर बसते आणि कुणी आलं की चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करते. आता इतके दिवस तो पट्टा नीट करतेय की वॉचमनकाकांनी नवी चप्पल घे म्हणून सांगितलं. आईला वाटतं मी रात्री मोबाईल बघत जागते. मी जागत नाही गं, मी नुसती पडून असते आणि छातीत कुणीतरी पळत असतं.

पण ते चालेल. भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. परवा पुस्तकात ‘कंदील’ हा शब्द आला. मी तो वाचला, नीट वाचला, आणि कंदील म्हणजे काय ते मला आठवेना. रिकामा डबा वाजवावा तसा तो शब्द वाजला. एखादा परिच्छेद वाचून झाला की तो कुणाबद्दल होता ते मला सांगता येत नाही. बाबा काचेपलीकडून अंगठा वर करतात, म्हणजे छान झालं असणार.

यंत्र बंदच असतं, आत्या. मधल्या वेळात चालू करायचं म्हणतात, पण मधला वेळ असतो कुठे? एक उठतो, दुसरा बसतो. वकीलकाका लवंग चघळतात. त्यांच्यानंतर बसले की कितीतरी वेळ मला लवंगेचाच वास येत राहतो.

तू म्हणशील, मग सोड. सोडून काय करू? नोकरीवाल्यांनी आराम कर म्हणून जे घरी पाठवलं ते परत बोलावलं नाही. मैत्रिणी आधी विचारायच्या, आता विचारायला अवघडतात. इथे निदान कुणीतरी माझी वाट बघतं. ग्रंथालयातले एक आजोबा म्हणे रोज विचारतात, पुढचं प्रकरण आलं का. त्यांना ठाऊक नाही मी कशी दिसते, किती वेळा बसते. त्यांच्यासाठी मी धडधाकट आहे.

तुझी आठवण येते. माझ्यावर चिडू नकोस, आणि चिडलीस तरी पत्र पाठव.

चिमणी

ता. ३० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सोबत चिमणीचं वेगळं पाकीट आहे, ते तिला तसंच दे.

तुझ्या जावईबापूंची हकिगत वाचली. माणूस आत असताना यंत्र बंद आणि माणूस गेल्यावर चालू, हा पाऊस थांबल्यावर छत्री उघडण्याचा प्रकार झाला. घुरघुर टेपवर येते म्हणतोस. येऊ दे. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते आयुष्यभर कानांनी जग बघत आलेले लोक आहेत. त्यांना पंख्याचा आवाज पंख्याचा म्हणून कळतो. कुणाला विचारलंस तरी का, की वाचणारीची छाती शाबूत हवी की शांतता चोख हवी? विचार, आणि काय उत्तर येतं ते मला कळव. स्वच्छतेचं वेड वाईट नाही, पण तू आवाज गाळतोयस आणि हवा तशीच सोडतोयस.

आता एक काम सांगते. का सांगते ते विचारू नकोस. चिमणीचं पहिलं प्रकरण काढ आणि या आठवड्यातलं काढ. तू साफ केलेलं नको, मुळातलं, एकही टेकडी न पुसलेलं. पडदा बंद कर, डोळे मीट आणि दोन्ही ऐक, एकापाठोपाठ एक. तू कारागीर आहेस, त्या कामात डोळ्यांवर फार विसंबलास. एकदा बाप होऊन कानांनी ऐक.

मला सल्ला देऊ नकोस, कबुली देऊ नकोस. ऐकलंस की एवढंच लिही, ऐकलं म्हणून.

तुझ्याबद्दलचा माझा जीव रागापेक्षा मोठा आहे, हे धरून चाल.

आक्का

ता. ११ डिसेंबर

ति. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

ऐकलं.

त्यावर थांबणार होतो, पण थांबवत नाही. पहिल्या प्रकरणात ती ओळ संपली की श्वास घेते, माणसासारखा. परवाच्या प्रकरणात दर चार शब्दांनी घेते, आणि तो आत जातो असं वाटत नाही, दारावर धडकून परत येतो. मधे मोठे थांबे आहेत. पडद्यावर ते मला सपाट दिसायचे, मी सरसकट उडवत होतो. त्या थांब्यांत ती पुटपुटते, आक्का. कुठे होते मी, असं स्वतःलाच विचारते. एका जागी तर ‘बाबा’ म्हणाली आहे, अगदी हळू. मी तेव्हा काचेपलीकडे बसलो होतो, हेडफोन लावून. तेही मी पुसलं असतं.

मास्तरीणबाईंना ऐकवलं. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू होता.

चिमणीशी बोललो. तिने सगळं कबूल केलं, आणि मग हात धरून बसली. म्हणते, बाबा, दोन प्रकरणं राहिलीत, ती मला करू द्या. मग तुम्ही म्हणाल तितके महिने मी पडून राहीन. ग्रंथालयाला पुस्तक सोमवारी द्यायचंय. दुसऱ्या आवाजात शेवट द्यायचा म्हणजे अख्खी कादंबरी नव्याने करावी लागेल. आणि खरं सांगू, तिचा चेहरा बघून माझ्याने नाही म्हणवलं नाही. शनिवारी शेवटचं रेकॉर्डिंग ठेवलंय. सकाळी वकीलसाहेब आपली राहिलेली गोष्ट संपवतील, त्यांच्यामागून चिमणी. वकीलसाहेबांचा घसा कालपासून बसलाय, अंग कसकसतंय. टेस्ट करा म्हटलं तर म्हणाले, थंडीचा खटला आहे, तारीख घेऊन सुटेल. त्यांना नको म्हणणं अवघड जातं, पंधरा वर्षं फुकट वाचताहेत.

जावईबापूंना चालू ठेवायचा विचार होता. पण आधीची सगळी प्रकरणं शांत आणि शेवटची दोन घुरघुरणारी, हे कसं दिसेल? एवढं एकदाच, आक्का. रविवारपासून तू म्हणशील ते.

आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस, सध्या त्याची गरज आहे.

तुझा धाकटा

ता. १३ डिसेंबर, शनिवार, दुपार

धाकट्या,

तुझं पत्र आत्ता कुरिअरवाला देऊन गेला. आशीर्वाद गृहीत धर.

तुला फोन केला. पुन्हा केला. वाजत राहिला. चिमणीचाही तसाच. मास्तरीणबाई परीक्षेच्या ड्यूटीवर असणार, त्यांचा बंद. मग लक्षात आलं की रेकॉर्डिंग असलं की तुम्ही फोन बाहेरच्या टेबलावर ठेवता. म्हणजे तुम्ही आत आहात. आमच्या गल्लीतून औषधांची गाडी तुमच्या बाजूला निघालीय, त्या ड्रायव्हरच्या हातात हे देतेय. त्याला सांगितलंय, दार वाजवून उपयोग नाही, आत ऐकू जात नाही. सरळ काचेपाशी जा आणि हेडफोन लावून बसलेल्या माणसासमोर कागद काचेवर धर. म्हणून अक्षर मोठं काढतेय.

एवढं एकदाच, असं लिहितोस. या दुखण्याला एकदाच पुरतं. ज्या ज्या माणसाला मी या दुखण्यात ओळखते, त्या प्रत्येकाकडे एक ‘एवढं एकदाच’ आहे. एकाचं लग्न होतं, एकीची मीटिंग होती. कुणीही रणांगणात पडलं नाही. सगळे बंद खोल्यांत, भिडेखातर पडले.

वकीलसाहेब भले गृहस्थ आहेत. पण आज सकाळभर त्यांनी सोडलेला श्वास त्या खोलीतून कुठेही गेलेला नाही. दाराला रबर आहे, तूच लावलंस. ते उठून घरी गेले असतील, त्यांचा श्वास खुर्चीत बसून आहे. त्याच खुर्चीत आता चिमणी आहे, मास्क उतरवून, दम लागलेली, म्हणजे इतरांपेक्षा दुप्पट हवा ओढणारी. आणि संध्याकाळी तू पडद्यासमोर बसून तिने घेतलेला एक-एक श्वास पुसशील. टेपवरून जाईल, धाकट्या. तिच्यातून जाणार नाही.

ते आजोबा शेवट ऐकल्यावाचून राहिले तर राहू देत. मी स्वतः जाऊन त्यांची माफी मागेन, झोळीत घालून नेलं तरी जाईन. पुस्तक अपुरं राहिलं तर कुणी मरत नाही.

हे वाचून घडी घालू नकोस. तिला खूण करू नकोस, अंगठा दाखवू नकोस, प्रकरण संपायची वाट बघू नकोस. लोभ, माया, सगळं नंतर. उठ आणि दार उघड. वाक्य अर्धं असलं तरी.

आक्का