उसना खोकला

चिम्बाला गाव, देड्झाच्या डोंगराखाली
ऑगस्ट, मंगळवार सकाळ

प्रिय मगिरेताताई,

तू बरी उठली असशील, तर आम्हीही बरे उठलो. आपल्याकडे सुरुवात अशीच करायची असते, म्हणून केली.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोन लागतो तो चर्चमागच्या वारुळावर चढल्यावरच, आणि खाली अर्धं गाव आपली पाळी येईपर्यंत कान टवकारून बसलेलं असतं. परवा नासिबेको नवऱ्याशी वर उभी राहून भांडली, ती खाली उतरेपर्यंत भांडण बाजारात पोचलं होतं. म्हणून हे पत्र मिनीबसच्या कंडक्टरच्या हाती देतेय. लिलाँग्वे शहरात तुझ्या मालकिणीच्या फाटकाशी येऊन तो देईल. वाच आणि चुलीत घाल.

आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. मका काढून झाला, यंदा कणसं बरी भरली. लाल कोंबडीने पिल्लं काढली, त्यातली निम्मी घारीने नेली. तिया बरी आहे. तू नि मी वयात आल्यावर ज्या झोपडीत बसलो होतो त्याच झोपडीत तुझी लेक बाकीच्या मुलींबरोबर बसली आहे. नवा चंद्र दिसला की बाहेर येईल आणि आपल्यासारखीच मोठी बाई झाल्याचा तोरा मिरवेल. नांगोझो म्हातारीच अजून शिकवते. तोंड तसंच आहे तिचं, वहाणेसारखं.

आणि हो, आरोग्य शिबिर येऊन गेलं. शाळेच्या पटांगणात तंबू लागले, गोरी पोरंपोरी उन्हाने टोमॅटोसारखी लाल झाली आणि दिसेल त्याच्याशी हात मिळवत सुटली. गावाने नेहमीप्रमाणे तयारी केली होती. तुला माहीतच आहे आपली पद्धत. ज्याला चालता येतं त्याने घरातल्या सगळ्यांची दुखणी घेऊन जायचं. शिबिरवाल्यांचा नियम असा की समोर येईल त्यालाच औषध. मग घरी पडलेल्या म्हाताऱ्यांनी काय करायचं? नासिबेकोने सासूची पाठ नेली, शाळेच्या शिपायाने भावाचे दात नेले, आणि धाकट्या लुकासने चुकून बायकोची पाळी नेली. त्या गोऱ्या डॉक्टरणीने दुभाषी नर्सला तीन-तीनदा विचारून घेतलं, आणि सगळी रांग लोळली हसून.

मी खोकला नेला.

नर्स एफ्रिदा म्हणून होती, आपलीच, पण शहरातली, जिभेची तिखट. म्हणाली, "काय होतंय?"

"खोकला. रात्री घाम येतो. अंग झडतंय."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अहो बाई, झडल्यावर एवढं, तर आधी केवढं होतं?"

लोक परत हसले, मीही हसले. मग ती म्हणाली, "रक्त पडतं का थुंकीतून?" मी म्हणाले, "एकदा पडलं." तेव्हा मात्र ती हसली नाही. तिने मला झाकणाची एक डबी दिली आणि सकाळी उठल्या उठल्या खोकून बेडका त्यात टाकून आणा म्हणाली. आणून दिला. शिबिर गेलं, आणि काही दिवसांनी वायसन सायकलवरून आला. वायसन म्हणजे तुझ्या वर्गात फळा पुसायचा तो, आता गावचा आरोग्यसेवक आहे, सायकलला आरसा लावलाय. अंगणात उभा राहून हळूच म्हणाला, "एनेलेसी, क्षय आहे तुला."

तर अशी ही बातमी. घाबरू नकोस. बरा होतो म्हणतात. वायसन रोज सकाळी येतो, गोळ्या देतो आणि समोर उभा राहतो. "गिळ. तोंड उघड. जीभ वर कर." मी काय कुठली चोर आहे का! पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा माझा जीव घाबराघुबरा झाला, पण तसं होतंच म्हणे. पंपावर बायका माझी बादली पुढे करतात आणि स्वतः चार पावलं मागे सरकतात. पाणी लवकर मिळतं, एवढा एक फायदा झाला.

आता झोपडीवर पेज पोचवायची वेळ झाली. आल्यावर उरलेलं लिहिते.

दुपार

ताई, वर लिहिलेलं मी आता परत वाचलं. ते तुला पाठवायचं नव्हतं खरं तर, फाडायचं होतं, पण दुसरा कागद नाही आणि आता वेळही नाही.

मी खोकत नाही. तुला कळलंच असेल. लहानपणापासून मला साधी सर्दी झाली नाही, असं तूच म्हणायचीस. खोकला तियाचा आहे.

पेरणीपासून खोकते आहे. मला वाटलं चुलीचा धूर असेल. मग पिकाचं काम आलं, मग झोपडीची तयारी आली, आणि ती बारीक झाली तेव्हा आईच म्हणाली, वयात येताना मुली अशाच उंच होतात. झोपडीत बसली त्यानंतर मी रोज कुंपणाशी पेज द्यायला जाते. आत बोलायचं नसतं, पण खोकल्याला कोण गप्प करणार? पहिल्याच दिवशी कुंपणाबाहेरून तो नीट ऐकला. घरातल्या गडबडीत तो तसा ऐकूच आला नव्हता.

शिबिर आलं तेव्हा मी नर्सला सांगू शकले असते की भाची आजारी आहे. पण ती म्हणाली असती, भाचीला आणा. आणि नवा चंद्र दिसायच्या आत कुणाची नजर पडू न देता कसं आणायचं? त्याहून मोठी गोष्ट तुला सांगायला माझी जीभ अडखळते. नांगोझोने मला आधीच एकदा कुंपणाशी धरलं होतं. म्हणाली, "मुलगी खोकते. तिच्या आईने शहरात अंथरूण थंड ठेवलंय ना?"

मुलगी आत असताना आईने पुरुषाजवळ जायचं नाही, नाहीतर मुलीच्या छातीला लागतं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुझ्या त्या शिंप्याबद्दल मी इथे कुणाला बोललेले नाही. आईलासुद्धा नाही. म्हणून म्हणाले, "थंड म्हणजे बर्फासारखं आहे, आजी," आणि घरी आले. वाटलं, खोकला माझा म्हणून सांगेन, नेहमीसारखी कागदाच्या पुडीत गोळ्या देतील, मी त्या पेजेच्या वाडग्याखालून आत सरकवीन. तुझं नाव नको आणि तिचं दुखणं जावो, एवढाच माझा बेत होता. डबीसुद्धा वाडग्याखालूनच आत गेली, काय करायचं ते मी कुंपणाच्या फटीतून तियाला कुजबुजले, आणि डबी भरून बाहेर आली. झाकणाला लाल लागलं होतं. मी तेवढं पुसून मग नर्सला दिली.

मला काय माहीत की हे औषध हातात देतच नाहीत! रोज समोर उभं राहून गिळवतात. एकदा जिभेखाली धरली तर वायसन म्हणाला, "एनेलेसी, हे खेळायचं काम नाही, मरशील." मी गिळली. रोज गिळते. त्या आतल्या पोरीसाठी आलेलं औषध इथे माझ्या धडधाकट पोटात जातंय, आणि मी दुसऱ्या दिवशी परत जाऊन कुंपणाशी तिचा खोकला ऐकते. पूर्वी मला सापांची भीती वाटायची. आता सकाळची वाटते.

आज सकाळी पेज घेऊन गेले. उभी राहिले. काहीच ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने कालचा वाडगा बाहेर आला तो भरलेलाच, वर साय धरलेली. मी कुंपणाला धरून खालीच बसले. मी ओरडले, कुंपणाशी ओरडायचं नसतं तरी ओरडले, "तिया!" आतून नांगोझो बाहेर आली. मला वाटलं आता काठी घालते. पण ताई, तिचे डोळे सुजले होते.

"जिवंत आहे," म्हणाली. "खोकायचीही ताकद उरली नाही तिला."

"मग सोडा तिला. मी पाठीवर घेऊन जाते."

"मावशीला दार उघडत नाही. आई नवं कापड घेऊन येते तेव्हा उघडतं, मग चंद्र दिसो न दिसो. मीही उघडू शकत नाही."

"आणि तोवर?"

"मला दिसत नाही का, पोरी? रात्र रात्र मांडीवर धरून बसते मी तिला. मुळ्या उगाळल्या, पाला जाळला, सगळं केलं. पण रीत मोडून मी दार उघडलं आणि ती दारातच गेली, तर म्हातारीने मारली म्हणतील. उरलेल्या मुलींना मी कुठे तोंड दाखवू? आईला आणा तिच्या. आजच आणा."

मी धावत घरी आले. अंगणात वायसन आरशात बघत केस नीट करत उभा होता. म्हणाला, "उशीर केलास. उघड तोंड." मी तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. सगळं सांगितलं. फक्त तुझ्या शिंप्याचं नाही.

तो ऐकता ऐकता सायकलशेजारी मातीत बसला. "म्हणजे इतके दिवस मी धडधाकट बाईला गिळायला लावतोय?"

"हो."

"हे शिबिरवाल्यांना कळलं तर पुढच्या वर्षी इथे कोण येईल, एनेलेसी? शेजारच्या गावात जातील ते."

"तिया गेली तर पुढचं वर्ष हवंय कुणाला?"

त्याने माझ्या गोळ्या परत खिशात घातल्या. मग हळूच म्हणाला, "मी माझ्या सासऱ्याची छाती नेली होती." आणि उठला. म्हणाला, दवाखान्यातून नर्सला आणतो, तिला वजनाप्रमाणे गोळ्या लागतील, आणि आतल्या सगळ्याच मुलींना तपासायला लागेल. आत सरपंचाची नात आहे, ताई. एकाच झोपडीत, एकाच चटईवर झोपतात त्या. "नर्स आणणं माझं काम," वायसन म्हणाला, "पण मी पुरुष. त्या वाटेवर पाय ठेवला तर पाय राहणार नाहीत. दार उघडायचं तुम्ही बघा." आणि सायकल घेऊन गेलासुद्धा.

तर दार तुझ्या हातात आहे. इतका वेळ मी कोंबड्या नि कणसं सांगत बसले ती हे लिहायला लागू नये म्हणून.

ये. मालकिणीने सोडलं नाही तर न सांगता ये. लोक विचारतील अंथरुणाचं. तोंडावर विचारतील, आईसमोर विचारतील. तू काय सांगायचं ते तू बघ. मी मात्र सगळ्यांसमोर सांगणार आहे की ही झोपडीत बसायच्या कितीतरी आधीपासून खोकत होती, माझ्या घरात, माझ्या चुलीशी, आणि मी धूर म्हणत राहिले. शिव्या द्यायच्या तर मला द्या. मग शिंपी असो नाहीतर कुणीही असो. तरीही नावं ठेवणारे ठेवतीलच. ठेवू देत. मला आता कुणाच्या नावाची भीती उरलेली नाही. मला फक्त त्या भरल्या वाडग्याची भीती वाटते, उद्याही तो तसाच बाहेर येईल याची.

कापड कसलंही आण, नवं असलं म्हणजे झालं. रंग बघत बसू नकोस. कंडक्टर हॉर्न वाजवतोय, गाडी भरली. हे पत्र तुला संध्याकाळी मिळेल आणि हीच गाडी पहाटे परत निघेल; फोन केला असता तरी त्याआधी इकडे दुसरी गाडी नाही. त्याला मी सांगितलंय, पुढची जागा ठेव.

वर पहिल्या ओळीत लिहिलं ते खरं नाही. आम्ही बरे उठलो नाही, ताई.

तुझ्या लेकीच्या गोळ्या गिळून बसलेली,
एनेलेसी