पेटीप्रमुखाचा शेरा

२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४
पेटी उघडली. भक्तांच्या अडचणींच्या चिठ्ठ्या ४१. उद्याच्या बैठकीत गुरुजी ही पेटी मांडीवर घेऊन, डोळे मिटून, एकही चिठ्ठी न उघडता ज्याला त्याला उत्तर देतील. कुलपाची किल्ली सगळ्या केंद्रात फक्त माझ्याकडे. उगाच पेटीप्रमुख नाही केलं. चिठ्ठ्या मी आधी वाचतो, पण ते केवळ व्यवस्थेसाठी. कोऱ्या, फाटक्या, दुबार बाजूला काढाव्या लागतात. मग सवयीने तक्ता होतो: क्रमांक, नाव, अडचण, शेरा. एकतीस वर्षं हेडक्लार्की केली. शेऱ्याशिवाय कागद पुढे सरकवायला हात धजत नाही. तक्ता गुरुजींना नेऊन दिला. त्यांनी न बघता घडी करून खिशात ठेवला. त्यांना काय गरज!
माइकवाला आज दोनदा पेटीजवळून गेला. लक्ष ठेवणे.

३ फेब्रुवारी, रविवार
धन्य झालो. बँकेतल्या बाईंना गुरुजी म्हणाले, बदली स्वीकारा, पण अटी लेखी घ्या. काल माझ्या मनात हुबेहूब हेच आलं होतं. तसं लिहिलंही होतं. म्हणजे माझी साधना बरीच पुढे गेलेली दिसते. उद्यापासून पहाटे पाचला ध्यान.

४ फेब्रुवारी. सकाळी ८.१०
गजर वाजला नाही. ही म्हणते वाजला. बायकोला माझी प्रगती बघवत नाही, असा दाट संशय.

९ फेब्रुवारी, शनिवार
चिठ्ठ्यांत दादाचं अक्षर! माझा सख्खा थोरला भाऊ. डाव्या डोळ्यात काचबिंदू, डॉक्टर म्हणतात आठवड्याच्या आत ऑपरेशन करा, करू का? डॉक्टरांना एवढी घाई का? कुठेतरी पाणी मुरतंय. शेरा लिहिला: घाई नको, दुसरं मत घ्यावं. ऑफिसातही कागदावर ‘तातडीचे’ दिसलं की मी हेच लिहायचो. एकाही साहेबाने कधी हरकत घेतली नाही.

१० फेब्रुवारी
गुरुजींनी दादाला शब्दशः तेच सांगितलं! दादाने हात जोडले. चेहऱ्यावर केवढी सुटका. दुसरं मत वगैरे घेणार नाही, गुरुजींचं मत मिळालं तेवढं पुरे, असं म्हणाला. वहिनींनी मात्र हात जोडले नाहीत. वहिनींची श्रद्धा कच्ची आहे.

१९ फेब्रुवारी
वहिनींचा फोन. दादाला डावीकडचं दिसत नाही, काल दाराच्या चौकटीवर आपटला. तुम्ही तरी समजवा म्हणाल्या. मी म्हटलं, गुरुजींच्या शब्दापुढे मी कोण? वहिनींनी फोन ठेवला. जरा आदळलाच.

२४ फेब्रुवारी, रविवार
अनर्थ. गुरुजींनी निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं की मुलावर राग धरू नका, त्याला घरी बोलवा. बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मला मुलगाच नाही. लग्नच केलेलं नाही. मुद्दाम खोटी चिठ्ठी टाकली होती.
याचा अर्थ एकच. कोणीतरी चिठ्ठ्या वाचून गुरुजींना आधी खबर देतो! इतकी वर्षं आपल्याला फसवलं. हा घरभेद्या मी शोधून काढणारच.

२५ फेब्रुवारी
संशयित: माइकवाला. गुरुजींचा ड्रायव्हर (फार नम्र आहे). आणि ही. माझं टेबल हीच आवरते. आडून आडून विचारलं. हिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि भाजी चिरायला घेतली. चोराच्या मनात चांदणं.

१ मार्च
दादाचा डावा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, यात गेलेली नजर परत येत नाही, वेळेवर आला असतात तर वाचली असती. दादा हात मांडीवर ठेवून बसला होता. मला रडू आवरेना. मग संताप आला. ज्याने त्याची चिठ्ठी फोडली त्याला मी सोडणार नाही.

२ मार्च, शनिवार
रविवारपासून पेटीच्या कुलपावर एक केस चिकटवून ठेवला होता. आज मी उघडेपर्यंत शाबूत. म्हणजे चोर पट्टीचा आहे.
चिठ्ठ्या फक्त ६. तक्ता केला, दिला.

३ मार्च
भर बैठकीत उठलो. गुरुजींचे खिसे तपासा, अशी मागणी केली. टाळ्या पडल्या. खिशांतून घड्या केलेले कागद निघाले, महिन्याभराचे. मुख्याध्यापिकाबाईंनी खणखणीत आवाजात वाचलं: क्रमांक सतरा, डावा डोळा, घाई नको. मग हे अक्षर कोणाचं, म्हणून विचारलं. अक्षराची नक्कल कोणीही करू शकतो.
गुरुजी रडायला लागले. म्हणाले, मला काही दिसत नाही हो. मला वाटायचं यांना दिसतं, म्हणून हे लिहून देतात. मी आपला श्रद्धेने वाचत गेलो. आणि बोट माझ्याकडे!
दादा पहिल्या रांगेत होता, काळा चष्मा लावून. उठला, वहिनींचा हात धरला आणि चाचपडत बाहेर गेला.

४ मार्च
खुलासा लिहायला घेतला. शेरा म्हणजे निर्णय नव्हे. गुरुजींनी वाचायला नको होतं. दादाने ऐकायला नको होतं. डॉक्टरांनी ठासून सांगायला हवं होतं. सहा मसुदे झाले. सहावा वाचून ही म्हणाली, यात तुम्ही कुठे आहात? फाडला.

११ मार्च. सकाळी ९
दादाच्या उजव्या डोळ्यातही काचबिंदू निघाला, आज त्याचं ऑपरेशन. न बोलावता गेलो. दादाने आवाज ओळखला. आलास का म्हणाला, तेवढंच. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला. त्यात सोबतच्या जबाबदार व्यक्तीचं नाव आणि सही हवी होती. मी पेन काढलं. घरून ठरवूनच निघालो होतो, आज सही माझी. नाव अर्धं लिहून झालं तोवर वहिनी आल्या. त्यांनी फॉर्म माझ्या हाताखालून अलगद काढून घेतला आणि बाईंकडे नवा मागितला. रागावल्या नव्हत्या. भावोजी, तुम्ही बसा म्हणाल्या.
बसलो.